अंगावरचं अक्षर

दुपारची जेवणं झाली की बारामतीतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात एक पेंगुळलेली वेळ येते. छपाईचं मशीन आपल्याच नादात या कडेकडून त्या कडेला सरकत असतं, शाईचा उग्र वास खोलीभर साचलेला असतो आणि मालक खुर्चीत मान टाकून घोरत असतात. मागच्या पडवीत ताजे फ्लेक्स टांगलेले असतात. वारा आला की तो त्यांच्या मागं शिरतो, फ्लेक्स फुगतो, मग हळूहळू बसतो, आणि त्यावरची अक्षरं श्वास घेतल्यासारखी वरखाली होतात. मी माऊस सोडून ते बघत बसते. मालकांना मध्येच जाग आली तर मी डिझाइनचा विचार करतेय असं त्यांना वाटतं, आणि मीही तसं वाटू देते.

त्यातल्या बऱ्याच फ्लेक्सवरचं अक्षर मी केलेलं आहे. वाकडं, मध्येच फुगलेलं, मध्येच अंग चोरून बसलेलं. गिऱ्हाइकं त्याला ‘नाचरं अक्षर’ म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये मी त्या फॉन्टचं नाव ‘बेंदूर’ ठेवलंय, कारण ते मुळात माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बेंदराला बैलांच्या अंगावर लिहिलेलं अक्षर आहे. गंमत म्हणून केलेल्या या अक्षराशी पुढं आबांच्या जेवणाची गाठ पडेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं माहेर बावड्याचं, इंदापूर तालुक्यातलं. आषाढात बेंदूर आला की गावातले लोक बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, बेगड चिकटवतात, अंगावर झुली चढवतात. आमच्या बैलांवर झूल कधी चढली नाही. झूल घातली तर आबा लिहिणार कुठं? पांढऱ्या खिलार बैलांची जोडी होती आमची, एक थोरला आणि एक धाकटा. आंघोळ घालून त्यांना गोठ्यापुढं उभं केलं की आबा कडुलिंबाच्या काडीचं टोक ठेचून कुंचा करायचे, वाटीत गुलाबी रंग कालवायचे आणि एकेका अंगावर एकेक वाक्य लिहायचे. काय लिहिणार ते आधी कुणाला सांगायचे नाहीत, आईलासुद्धा नाही. आळीतले लोक चहाचे कप घेऊन जमायचे आणि एकेक अक्षर उमटेल तसं मोठ्यानं वाचायचे.

‘ट्रॅक्टर माझा धाकटा भाऊ.’ ‘आज सुट्टी, उद्याचं उद्या बघू.’ ‘मालक मागून येत आहेत.’ एका वर्षी नुसतंच, ‘हसू नका, जेवलोय.’

बैलाच्या डाव्या अंगाला वाक्य खांद्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जायचं, आणि उजव्या अंगाला शेपटीपासून खांद्याकडे. जागेचा अंदाज आबांना जन्मात आला नाही. सुरुवातीची अक्षरं कलिंगडाएवढी, आणि शेवटची बिचारी लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांना चिकटून उभी. बरगड्यांवरून जाताना रेघेला लाटा यायच्या. गावात पेंटर होते, त्यांनी रंगवलेल्या बैलांवर अक्षर सरळ असायचं, पण लोक हसायला आमच्याकडेच यायचे. लिहून झालं की आई पुरणपोळीचं ताट आणायची. आबा पोळी मोडून दोघांच्या तोंडात घालायचे, आणि त्यानंतरच घरातल्या माणसांची पानं वाढली जायची.

हे झालं सणाचं. पण आबांचा रोजचा नेमही हाच होता. ताटावर बसले की पहिल्यांदा भाकरीचे दोन चतकोर मोडायचे, उठून गोठ्यात जायचे, एक थोरल्याला द्यायचे, एक धाकट्याला, मानेवरून हात फिरवायचे आणि मग येऊन जेवायचे. कालवण गार व्हायचं. आई रोज चिडायची आणि रोज पुन्हा गरम करायची.

मला अक्षरओळख झाली तीही अंगावरच. संध्याकाळी आबा बाजेवर बसायचे, मी त्यांच्याकडे पाठ करून पुढ्यात बसायची, आणि ते बोटानं माझ्या पाठीवर अक्षर काढायचे. कुठलं ते मी ओळखायचं. मला गुदगुल्या व्हायच्या, मी वळवळायची, आणि ‘क’चं काहीतरी भलतंच व्हायचं. तरी आबा कधी ‘हलू नको’ म्हणाले नाहीत. पुढं शाळेत पाटी हातात आली तेव्हा अक्षर सपाट असतं हे मला नव्यानं कळलं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

लग्न होऊन बारामतीला आले, डीटीपी शिकले, या दुकानात लागले. फ्लेक्सच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘ताई, काहीतरी गमतीचं टाका.’ म्हणजे नेमकं काय, हे त्यालाही ठाऊक नसतं. मी एकामागून एक फॉन्ट दाखवायची आणि तो मान हलवायचा. माझा स्वभाव मुळात तापट. एका रसवंतीवाल्या बाईनं असंच दुपारभर बसवून ठेवलं, तेव्हा मी वैतागून मोबाइल तिच्यापुढं सरकवला. त्यात बेंदराचा फोटो होता, धाकट्या बैलाच्या अंगावर ‘आज सुट्टी’ लिहिलेलं. ती बघतच राहिली आणि म्हणाली, ‘ह्ये असलंच पायजे.’

तिथून हा नाद लागला. दर वर्षी भाऊ बेंदराचे फोटो पाठवायचा, ते सगळे मी शोधून काढले. अल्बममधले जुने फोटो स्कॅन केले. बैलाच्या अंगावरचं एकेक अक्षर कापून, पांढऱ्यावर काळं करून, कडा तशाच खडबडीत ठेवून कॉम्प्युटरमध्ये बसवत गेले. एकाच अक्षराचे दोनतीन अवतार सापडले तर सगळे ठेवले, म्हणजे शब्दात तेच अक्षर पुन्हा आलं तरी वेगळं दिसावं. दुपारच्या त्या पेंगुळलेल्या वेळेत हे काम फार छान चालायचं. पडद्यावर एकच ‘र’ भरून राहिलेला असायचा आणि बघता बघता मला त्याच्या मागचे पांढरे केस, ऊन, गोठ्यापुढचा चिखल, सगळं दिसू लागायचं. मालकांनी हाक मारली की क्षणभर मी कुठं आहे ते उमगायचं नाही.

अक्षर चाललं. सलून, पावभाजीचे गाडे, बारशाचे फलक, रोपवाटिका, पंक्चरचं दुकान. कुठं चालत नाही तेही लवकरच कळलं. मालकांनी एकदा घाईत एका पाणीवाटप संस्थेची नोटीस याच अक्षरात छापली, ‘रविवारी पाणी बंद राहील.’ सभासदांना वाटलं, कुणीतरी थट्टा केली आहे. रविवारी सगळे मोटारी चालू करून कालव्याच्या चारीच्या काठावर उभे आणि चारी कोरडी ठणठणीत. सोमवारी ते सगळे आमच्या दुकानात उभे होते.

आणि सांगवीचा एक माणूस. वडिलांच्या दशक्रियेचा फ्लेक्स करायला आला आणि म्हणाला, हेच अक्षर घाला. मी म्हटलं, ‘दादा, दुःखाच्या फ्लेक्सला हे बरं दिसत नाही.’ तो म्हणाला, ‘ताई, माझा बाप जन्मात सरळ बसला न्हाय. सरळ अक्षरात घातला तर पावणे त्येला वळखायचे न्हाईत.’ मी घातलं. नंतर तो पेढे घेऊन आला होता. दशक्रियेचे पेढे नसतात, पण त्याला ते सुचलं आणि मला घ्यावेसे वाटले.

एकच उणीव होती. आबांच्या इतक्या वर्षांच्या वाक्यांतसुद्धा काही अक्षरं आलीच नव्हती. ‘फ’ नव्हता, ‘ठ’ नव्हता, ‘छ’ नव्हता, ‘ढ’ नव्हता. त्यांच्यावाचून तर काम अडायचं. मग दुधाची तहान ताकावर भागवावी तशी मी ‘प’ला शेपूट जोडून ‘फ’ केला, ‘ट’ला गाठ मारून ‘ठ’ केला. दिसायला वाकडी होती, पण इतरांमध्ये मिसळत नव्हती. का मिसळत नाहीत, हे काही मला उलगडत नव्हतं. अक्षरं पुरी झाली की मगच आबांना दाखवू असं मी ठरवलं होतं, आणि ती काही मनासारखी पुरी होत नव्हती. म्हणून आबांना सांगायचं राहत गेलं.

तेवढ्यात थोरला बैल गेला. म्हातारा झाला होता, एका सकाळी उठलाच नाही. त्याच्यामागं धाकट्यानं दिवाळी पाहिली आणि थंडीत तोही गेला. दोघांना बांधावरच्या चिंचेखाली पुरलं. भावाचा ट्रॅक्टर आहे, शेत काही अडलं नाही. अडले ते आबा.

आई फोनवर सांगायची. आबा ताटावर बसतात, नेहमीसारखे दोन चतकोर मोडतात आणि हातात धरून बसून राहतात. ‘हाताला वळण हाय गं,’ आई म्हणायची. ‘मोडत्यात, आन् मग कुठं न्यायचं त्ये कळत न्हाय त्यास्नी.’ ते बघत बसायचे, मग चतकोर ताटात ठेवून हात धुवायचे. दुपारी तेच, रात्री तेच. आईनं रागावून बघितलं, भावानं समजावून बघितलं. इंदापूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून दुखणं काही नाही म्हणून सांगितलं आणि टॉनिकची बाटली दिली. बोलणंही कमी झालं. मी माहेरी गेले की आबा ‘आलीस व्हय’ म्हणायचे आणि गोठ्याकडे बघत बसायचे. त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. मला भीती वाटायची. आणि भीती वाटली की मी भांडते, म्हणून आईशी भांडायची.

उन्हाळ्यात मी ठरवलं, आबांना थोडे दिवस बारामतीला आणायचं. डोळे तपासायचं निमित्त केलं. भाऊ पिकअप चालवत होता, आबा खिडकीशी, मी मध्ये. ऊन रस्त्यावर पाण्यासारखं पसरलं होतं. आबा बाहेर बघत होते, पण त्यांना काही दिसत होतं की नाही कोण जाणे. पिंपळीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक रसवंती आहे, माझा पहिला फ्लेक्स नेणाऱ्या त्याच बाईची. चरकाला घुंगरं बांधलेली, चाक फिरलं की छुनछुन वाजत राहतात. तो आवाज आला आणि आबांची मान वळली.

‘थांबव रं,’ आबा म्हणाले.

भावानं गाडी बाजूला घेतली. मला वाटलं तहान लागली असेल. आबा उतरले, बाकड्याकडे न जाता सरळ फ्लेक्सकडे गेले. बांबूच्या चौकटीला बांधलेला मोठा फ्लेक्स, वर लिहिलेलं, ‘या बसा. उसाचा रस. बर्फ वेगळा.’ मागच्या रानातून वारा येत होता आणि फ्लेक्स फुगत होता, बसत होता. आबांनी तळहात त्याच्यावर ठेवला. कितीतरी वेळ ते तसेच उभे राहिले. हात त्या फुगण्याबसण्याबरोबर वरखाली होत होता.

‘ह्यो धाकटा हाय,’ ते म्हणाले.

‘कोण धाकटा, आबा?’

‘ह्यो “र”. बघ, हितं काडी कशी घसारली. माशी बसली व्हती त्येच्या बरगडीवर, कातडं झटाकलं त्येनं.’ मग हात पुढं सरकवून, ‘आन् ह्यो “स” थोरल्याच्या खांद्यावरचा. थोरला गप उभा ऱ्हायचा भिंतीसारखा. त्येच्या अंगावरलं आक्षार बघ, दमात हाय.’

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे आबांचं अक्षर आहे. त्यांचा मिश्कीलपणा, त्यांचा अघळपघळ हात. आणि ते खरं म्हणजे निम्मं बैलांचं होतं. आबांनी सरळच लिहिलं होतं, हलवलं होतं त्या दोघांनी. धाकट्याला गुदगुल्या व्हायच्या म्हणून त्याची अक्षरं उड्या मारायची. मी फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे जे अवतार म्हणून ठेवले होते, ते दोन वेगवेगळे जीव होते.

आबांचा हात खालच्या ओळीवर आला आणि ‘बर्फ’मधल्या ‘फ’वर थांबला. त्यांनी तो चाचपला, पुन्हा चाचपला.

‘ह्येच्या खाली कोण न्हाय,’ ते हळूच म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. रिकाम्या घरासमोरून जाताना माणूस बोलतो तसं ते बोलले.

मी त्यांना सगळं सांगितलं. फोटो, कॉम्प्युटर, राहिलेली अक्षरं. रसवंतीवाल्या बाईनं आलं घातलेला रस आणून दिला, ‘आबा, बसा की वाईच’ म्हणाली. आबांनी पेला हातात घेतला, फ्लेक्सकडे बघत अर्धा प्याले आणि उरलेला तसाच धरून बसले. मला एवढंही पुरेसं वाटलं. रस्ताभर मी उगीचच हसत होते.

बारामतीत आल्यावर आबा रोज फिरायला जाऊ लागले. सकाळी चहा घेतला की काठी घेऊन बाहेर. कुठं जाता विचारलं तर म्हणायचे, ‘बैलं हिंडवून आणतो.’ संध्याकाळी आईला फोनवर हिशेब द्यायचे, ‘आज धाकटा सलूनवर घावला. थोरला भाजीच्या गाड्यावर उभा हाय, गर्दीत. एका बारशात दोघं संगं व्हते.’ पलीकडून आई ‘बरं, बरं’ म्हणायची. ते दिवस आठवले की अजूनही मला ते जागेपणी घडलेले वाटत नाहीत. दुकानाकडे जाताना मीही आता पाट्या तशाच बघू लागले होते. सगळ्या गावात आमची जोडी चरत फिरतेय आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, असं वाटायचं. मी फार आनंदात होते.

जेवण मात्र तसंच. ताटावर चतकोर मोडायचे, पण आता ते ताटात राहत नसत, आणि मी भाबडी समजत होते की आबा खायला लागले. मग एक दिवस सलूनवाला दुकानात आला. जरा संकोचून म्हणाला, ‘ताई, वाईट वाटून घेऊ नका. आबा रोज आमच्या बोर्डाखाली भाकरी ठेवून जातात. कुत्री येतात, गिऱ्हाइकं बिचकतात.’

मी काम टाकून गेले. फ्लेक्सच्या खाली, पायरीच्या कडेला, रुमालाच्या घडीतून काढल्यासारखा नीट ठेवलेला भाकरीचा चतकोर होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. वर माझं अक्षर उन्हात हसत होतं. मला त्या अक्षराचा इतका राग आला की तो फ्लेक्स ओढून फाडावा असं वाटलं. आबांना माणसांत आणायचं सोडून मी त्यांना गावभर पसरलेल्या सावल्यांच्या मागं लावलं होतं. बैल दिसत होते, पण त्यांना तोंड कुठं होतं?

घरी येऊन मी आबांच्या समोर बसले आणि विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, ‘मला ठावं हाय ग. फ्लेक्स खातो व्हय भाकरी? म्या काय येडा झालोय?’ आणि मग, ‘पर हात चतकोर मोडतोच. मोडलेला घास कुठंतरी द्यावा लागतो.’

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बावड्याला जायचं काढलं. गाडीत बसताना त्यांनी काही विसरलंय का ते पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘कुठली आक्षरं ऱ्हायलीत म्हनालीस?’ मी सांगितली. ती त्यांनी ओठातल्या ओठात पुटपुटून घेतली.

आषाढ आला. बेंदराच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला की आबांनी रंग आणायला लावलाय. तिच्या आवाजात काळजी होती. गोठ्यात बैल नाहीत, आता कशावर लिहिणार हा माणूस? मी सकाळच्या एसटीनं निघाले. गावात वाजंत्री चालू होती, ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांचे बैल सजून निघाले होते. आमच्या दारात शेणानं सारवलेलं, रांगोळी घातलेली आणि समोर कुणी नाही.

आबा गोठ्यात गव्हाणीच्या कडेवर बसले होते. शेजारी वाटीत गुलाबी रंग, हातात कडुलिंबाची ठेचलेली काडी. मी आत गेले तर म्हणाले, ‘आलीस व्हय. ह्यो घाल.’ त्यांचा जुना पांढरा सदरा होता. मी तो साडीवरून घातला, गुडघ्यापर्यंत आला. ‘पाठ कर इकडं,’ ते म्हणाले, ‘आन् ऱ्हायलेली सांग एकेक.’

मी पाठ केली आणि उभी राहिले. ‘फ,’ मी म्हटलं.

ओला कुंचा सदऱ्यावरून पाठीला लागला, गारेगार. मी श्वास रोखून धरला. निदान या वेळी त्यांचं अक्षर बिघडवायचं नाही असं मनाशी म्हणत होते. रेघ सरळ खाली गेली. आबा थांबले.

‘असं न्हाय. खांबासारखी उभी हाईस तू. हल की वाईच.’

‘हलू कशी, आबा? तुमचं अक्षर मोडंल.’

‘मोडू दे. मोडल्याबिगार येतंय व्हय ते?’

तरी मला हलता येईना. आता असं सांगितल्यावर कुणाला हलता येतं? तेव्हा आबांनी कुंचा बाजूला ठेवला आणि बोटानं, कोरड्या बोटानं, माझ्या पाठीवर हळूच ‘क’ काढला. बाजेवर बसून काढायचे तसा. मला गुदगुली झाली आणि मी हसले. हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, इतक्या दिवसांचं. आवाज दाबून ठेवला तरी पाठ थरथरायची थांबेना. तेवढ्यात कुंचा पुन्हा पाठीला लागला.

‘हां,’ आबा म्हणाले. ‘आता आलीस. ऱ्हा अशीच.’

त्यांनी ‘फ’ लिहिला. मग ‘ठ’, ‘छ’, ‘ढ’, जी जी सांगितली ती. जागा पुरली नाही, शेवटची अक्षरं बाहीवर आली. मी रडत होते, हसत होते, नाक पुसत होते, आणि आबा घाई न करता लिहीत होते. गोठ्यात शेणाचा आणि गुळाचा वास भरला होता. उंबऱ्याशी आई येऊन उभी राहिली, पुरणपोळीचं ताट हातात घेऊन. बैल नाहीत तरी तिनं नैवेद्याचं ताट केलं होतं. तिलाही हाताचं वळण होतंच की.

त्या सदऱ्याचा फोटो काढून मी पुढं अक्षरं पुरी केली. रसवंतीवरचा ‘फ’ बदलला, आणि आता तो इतरांमध्ये मिसळतो. पण ते नंतरचं.

लिहून झाल्यावर आबांनी काडी वाटीत ठेवली आणि हात पुसले. आईकडे बघून म्हणाले, ‘आण ते. अंगावर लिवलंय तर घास द्याया पायजे.’ त्यांनी पोळीचा चतकोर मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. त्यांनी माझ्या मानेवरून तळहात फिरवला. मग ताट मांडीवर घेऊन गव्हाणीच्या कडेवरच बसले आणि उरलेली पोळी खाऊ लागले. खाली मान घालून, एका लयीत, भूक लागलेला माणूस खातो तसे. आई तुपाची वाटी घेऊन तिथंच उभी होती. पुढं व्हायचं तिला धाडस होईना, मी तर हललेही नाही.

आबांनी पोळी संपवली आणि मान वर केली.

‘वाढ की आनखी,’ ते आईला म्हणाले. ‘बघत काय ऱ्हायलीस?’